लॅबच्या एकाच मशीनवर होस्टिंग पॅनेल बसवायचं असेल तर

पीएच.डी.चा प्रस्ताव लिहिताना ‘संशोधन साधने’ या मथळ्याखाली आपण सॉफ्टवेअरची नावं लिहितो, नमुन्यांची संख्या लिहितो. गोळा केलेली सामग्री ठेवायची कुठे, हे मात्र एका ओळीत उरकतो : ‘संस्थेच्या सर्व्हरवर’. मीही तेच लिहिलं होतं. प्रत्यक्षात तो सर्व्हर म्हणजे लॅबच्या कोपऱ्यातलं १६ जीबी रॅमचं एक डेस्कटॉप निघालं. त्याच्यावर माझे प्रयोग चालायचे, एका ज्युनिअरचे चालायचे, आणि नागपूरच्या मे महिन्यात कूलर बंद पडला की ते आधी तापायचं आणि मग आम्ही.

माझं काम वऱ्हाडी बोलीच्या ध्वनिमुद्रणांवर आहे. काटोल, आर्वी, वरूड या भागांतल्या वयस्क बायका बोलतात, आठवणी सांगतात, कुणी जात्यावरच्या ओव्या म्हणतात. स्वयंसेवक ते फोनवर रेकॉर्ड करतात आणि संध्याकाळी आमच्याकडे पाठवतात. त्यासाठी एक छोटी साइट, एक डेटाबेस आणि प्रत्येक स्वयंसेवकाला फाइल टाकायला स्वतंत्र खातं, एवढंच हवं होतं. हे सगळं हातानं बसवता येतं. पण गाईड सरांनी एक प्रश्न विचारला, “तू गेल्यावर हे कोण पाहील?” प्रबंधाची सोय आहे, यूजीसीच्या २००९च्या नियमांपासून तो इलेक्ट्रॉनिक स्वरूपात द्यावा लागतो आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या शोधगंगेवर जातो. त्यामागची रेकॉर्डिंगं मात्र विद्यार्थ्याबरोबर निघून जातात, नाही तर एखाद्या हार्ड डिस्कवर कपाटात पडून राहतात. म्हणून पॅनेल. पॅनेल म्हणजे ब्राउझरमधून खाती, साइट, डेटाबेस, प्रमाणपत्रं सांभाळायची सोय. ज्याला टर्मिनलची भीती वाटते तोही ते चालवू शकतो.

मी हेस्टिया निवडलं. ते मुक्तस्रोत आहे, डेबियन आणि उबुंटूवर चालतं, पैसे लागत नाहीत. आणि ते सरळ त्या डेस्कटॉपवर बसवायला घेतलं. इन्स्टॉलरनं सांगितलं की या मशीनवर वेब सर्व्हर आणि डेटाबेस आधीच आहेत, मी पुढे जात नाही. मी त्याला जबरदस्तीचा पर्याय दिला. इथे तुम्ही मला हसू शकता. वीस-पंचवीस मिनिटांनी पॅनेल सुरू झालं आणि ज्युनिअरचा डेटाबेस बंद पडला. फायरवॉलचे जुने नियम गेले. डेटा वाचला, पण मशीन पूर्ववत करायला दोन दिवस लागले आणि ज्युनिअर आठवडाभर माझ्याशी तुटक बोलत होता.

चूक इन्स्टॉलरची नव्हती. होस्टिंग पॅनेल मुळात असं गृहीत धरतं की अख्खं मशीन त्याचं आहे. ते एनजिनएक्स, अपाची, पीएचपी, मारियाडीबी, मेल सर्व्हर, डीएनएस, एफटीपी, फायरवॉल हे सगळं आणतं आणि प्रत्येकाच्या कॉन्फिगरेशन फाइलवर स्वतःचा हक्क सांगतं. म्हणूनच त्यांच्या सूचनांत ‘नुकत्याच बसवलेल्या कोऱ्या सिस्टिमवरच बसवा’ असं ठळकपणे असतं. शिवाय नेटवरून उतरवलेली स्क्रिप्ट आपण रूट म्हणून चालवत असतो. हेस्टिया ज्यातून फुटून निघालं त्या व्हेस्टा पॅनेलची इन्स्टॉल स्क्रिप्ट कुणीतरी परस्पर बदलल्याचं २०१८च्या ऑक्टोबरमध्ये उघड झालं होतं. नव्यानं बसवणाऱ्यांचे पासवर्ड त्यातून बाहेर जात होते. तेव्हा ज्या मशीनवर तुमचे प्रयोग आहेत तिथे हा पाहुणा थेट घरात घेऊ नये.

मग कंटेनर. महालातला एखादा जुना वाडा डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक बिऱ्हाडाला आपलं दार, आपलं स्वयंपाकघर, आपला विजेचा मीटर. शेजारच्या बिऱ्हाडात काय शिजतंय ते दिसत नाही. पण विहीर सगळ्यांची एकच. लिनक्स कंटेनर असाच असतो. आतल्या प्रोग्रामला वाटतं की प्रोसेसची यादी, नेटवर्क, फाइल्स, इतकंच काय रूट वापरकर्ताही आपलाच आहे. ही स्वतंत्र दारं म्हणजे नेमस्पेस. मीटर म्हणजे सीग्रुप : कुणाला किती मेमरी, किती प्रोसेसर. गूगलच्या अभियंत्यांनी २००६मध्ये हे काम सुरू केलं आणि जानेवारी २००८च्या २.६.२४ आवृत्तीपासून ते लिनक्सच्या कर्नलमध्ये आहे. विहीर म्हणजे तो कर्नल. तो एकच, आणि वाड्याच्या मालकाचा.

आता पुढची सगळी भानगड एका वाक्यात मावते : पॅनेलला अख्खं मशीन हवं, आणि कंटेनर हे जवळजवळ अख्खं मशीन आहे. तुमची अडचण नेहमी त्या ‘जवळजवळ’मध्ये सापडेल. एरर आली की आधी हेच विचारा, ही गोष्ट बिऱ्हाडाची की विहिरीची? माझे निम्मे तास एवढ्या प्रश्नानं वाचले असते.

पहिला प्रयत्न मी डॉकरमध्ये केला, कारण सगळे डॉकरच म्हणतात. इन्स्टॉलर निम्म्यात अडला. म्हणाला, हे मशीन सिस्टिमडीनं सुरू झालेलं नाही. बरोबरच आहे. डॉकरची रीत एका कंटेनरमध्ये एक काम अशी आहे. आत पहिली प्रोसेस तुमचा प्रोग्राम असते; दहा सेवा उठवणारा, पडलेलीला पुन्हा उभा करणारा कारभारी तिथे नसतो. खटपटी करून तो आत घालता येतो, पण त्या वाटेला जाऊ नका. आपल्याला हवा तो सिस्टिम कंटेनर : एलएक्ससी आणि त्यावरचं एलएक्सडी किंवा इन्कस. (२०२३मध्ये कॅनॉनिकलनं एलएक्सडी स्वतःच्या ताब्यात घेतल्यावर त्यातून इन्कस वेगळं झालं. दोन्हींच्या आज्ञा बऱ्याचशा सारख्या आहेत. मी इन्कस वापरते.) यात कंटेनर पूर्ण डेबियनसारखा बूट होतो.

क्रम महत्त्वाचा आहे. मी डेबियन १२ची प्रतिमा घेऊन कंटेनर सुरू केला आणि पॅनेलला हात लावायच्या आधी मेमरीची मर्यादा ४ जीबी ठरवली. आधी का, तर इन्स्टॉलर मशीनची मेमरी बघून निर्णय घेतो. कमी दिसली तर विषाणू तपासणारं क्लॅमएव्ही वगळतो, जास्त दिसली तर डेटाबेसला मोठा घास देतो. मर्यादा नंतर घातलीत तर तो मोठा घास तसाच राहतो आणि मग एखाद्या दुपारी कर्नल डेटाबेसला मारून टाकतो. दुसरं, कंटेनरला पुलावरचा स्थिर पत्ता द्या. तो १० पासून सुरू होणारा खासगी आयपी असतो आणि पॅनेल तोच आयपी प्रत्येक साइटच्या एनजिनएक्स फाइलमध्ये लिहून ठेवतं. उद्या पत्ता बदलला की एनजिनएक्स ‘हा पत्ता माझा नाही’ म्हणून उठायला नकार देतं. तिसरं, होस्टनेम पूर्ण द्या, ठिपक्यांसह. आणि मग स्नॅपशॉट घ्या. झेडएफएस किंवा बीटीआरएफएसवर साठा ठेवला असेल तर त्याला काही सेकंद लागतात. साध्या डिरेक्टरीवर ठेवला असेल तर सगळं कॉपी होत बसतं.

इन्स्टॉलरला काय नको ते सांगता येतं. मी मेल, डीएनएस, क्लॅमएव्ही, तिन्हींना नाही म्हटलं. मेल सर्व्हर हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे, त्यात पडू नका. डिस्क कोटाही बंद ठेवा. कोटा फाइलसिस्टिम मोजते, ती मालकाची. बिऱ्हाडकरूला तिथे हात घालता येत नाही. एका स्वयंसेवकाला ५ जीबीच द्यायची असेल तर ते पॅनेलमधून होणार नाही. संपूर्ण कंटेनरची मर्यादा बाहेरून घालता येते, तेवढ्यावर भागवा.

तरीही पहिल्यांदा दोन गोष्टी अडल्या. काही सेवा उठेनात. सिस्टिमडी त्यांना स्वतःच्या छोट्या कप्प्यात ठेवू पाहत होता आणि कंटेनर त्याला आत आणखी कप्पे करू देत नव्हता. कंटेनरची ‘नेस्टिंग’ ही सेटिंग चालू केल्यावर त्या उठल्या. आणि फायरवॉल. पॅनेल आयपी-टेबल्सचे नियम लिहायला गेलं आणि कर्नलनं सांगितलं, हे मॉड्यूल माझ्याकडे लोड केलेलं नाही. आतून ते लोड करता येत नाही; विहिरीत पंप मालकानंच सोडायचा असतो. बाहेर, होस्टवर, आयपी-टेबल्स आणि आयपी-सेटची मॉड्यूल्स लोड केली, बूटच्या वेळी आपोआप लोड होतील अशी नोंद केली, आणि आतले नियम चालले. नेटवर्क नेमस्पेस वेगळा असल्यामुळे ते नियम फक्त त्या कंटेनरपुरते राहतात, लॅबच्या मशीनला हात लागत नाही. ज्युनिअर खूश.

एक सल्ला नेटवर वारंवार मिळेल : ‘चालत नाही ना, कंटेनर प्रिव्हिलेज्ड करा.’ करू नका. साध्या कंटेनरमध्ये आतला रूट बाहेरून पाहिला तर एक क्षुल्लक वापरकर्ता असतो. माझ्याकडे त्याचा क्रमांक १०००००० आहे. तो चुकून भिंतीबाहेर आलाच तरी बाहेर त्याला कुणी विचारत नाही. प्रिव्हिलेज्ड केलात की आतला रूट तोच बाहेरचा रूट. मग वाड्याला भिंती नुसत्या रंगवलेल्या.

आता ज्या दिवसासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो दिवस. वरूडकडच्या एका गावात आमचे सहा स्वयंसेवक होते. दुपारी तीननंतर एकाचा फोन आला, “ताई, अपलोडच होऊन नाही राहिलं.” मी साइट उघडून पाहिली, नीट उघडत होती. त्याला म्हटलं नेटवर्क बघ. मग दुसरीचा फोन. मग तिसऱ्याचा. थोड्या वेळानं आपोआप सुरू झालं, मी सुटकेचा श्वास सोडला, आणि परत बंद. एकाचा फोन भरत आला होता. जागा करायला त्यानं सकाळच्या फाइल्स उडवायला घेतल्या, त्या आमच्याकडे पोचल्याच असतील या समजुतीनं. पोचल्या नव्हत्या. सकाळच्या फाइल्समध्ये ऐंशी पार केलेल्या एका आजींचं पाऊण तासाचं बोलणं होतं. तो सहज म्हणून सांगत होता, म्हणून मला कळलं. मी अक्षरशः ओरडले, काहीही डिलीट करू नकोस.

कारण सापडायला संध्याकाळ झाली. पॅनेलबरोबर फेल-टू-बॅन येतं. कुणी पासवर्ड वारंवार चुकवला की ते त्या आयपीला काही काळ बाहेर ठेवतं. बंदीच्या यादीत मला एकच पत्ता दिसला, आणि तो आमच्याच पुलाचा होता. झालं असं : बाहेरून आलेली जोडणी कंटेनरकडे वळवण्यासाठी मी होस्टवर जे नियम लिहिले होते, ते नेटवरून जसेच्या तसे उचललेले होते. त्यात एक जादा ओळ होती, मास्करेडची. तिच्यामुळे आत जाणाऱ्या प्रत्येक जोडणीवर पाठवणाऱ्याचा पत्ता पुसला जाऊन पुलाचा पत्ता लागत होता. वरूडहून या, अमरावतीहून या किंवा पुण्याहून, आतल्या मशीनला सगळे एकाच माणसासारखे दिसत होते. एका फोनमध्ये जुना पासवर्ड साठवलेला होता, ते ॲप बिचारं परत परत प्रयत्न करत होतं, आणि त्याची शिक्षा सहाही जणांना. बंदी फक्त एसएसएचच्या पोर्टवर होती, म्हणून साइट चालू आणि अपलोड बंद.

ती ओळ काढली, इन्कसच्या प्रॉक्सीला ‘नॅट’ पर्याय देऊन जोडण्या वळवल्या (त्यासाठीही तो स्थिर पत्ता लागतोच), आणि लॉगमध्ये खरे पत्ते दिसू लागले. इन्कसची प्रॉक्सी नॅटशिवाय वापरली तर उलटी गंमत होते : सगळे पाहुणे कंटेनरच्या स्वतःच्या पत्त्यावरून आल्यासारखे दिसतात, आणि फेल-टू-बॅन सहसा स्वतःला शिक्षा करत नाही. म्हणजे पासवर्डवर कुणी हजार प्रयत्न केले तरी राखणदार गप्प. माझ्या चुकीचा निदान आवाज तरी झाला. तेव्हा सगळं बसवून झालं की एक साधी परीक्षा घ्या. दोन वेगळ्या नेटवर्कवरून, म्हणजे एकदा लॅबमधून आणि एकदा मोबाइल डेटावरून, लॉगिन करा आणि आतल्या लॉगमध्ये दोन वेगळे पत्ते दिसतात का ते पाहा. दिसले नाहीत तर पुढे जाऊ नका.

पॅनेलचं स्वतःचं दार, हेस्टियात पोर्ट ८०८३, मी बाहेर उघडलेलंच नाही. ते एसएसएचच्या बोगद्यातूनच उघडायचं. थोडं कटकटीचं आहे. पण २०२४च्या ऑक्टोबरमध्ये सायबरपॅनेल या दुसऱ्या पॅनेलमधल्या त्रुटीतून हल्ले झाले तेव्हा इंटरनेटवर उघडी असलेली सुमारे २२ हजार मशीनं धोक्यात होती. ज्यांचं दार बाहेरून दिसत नव्हतं त्यांची रात्र शांत गेली.

रेकॉर्डिंगं मी कंटेनरच्या आत ठेवत नाही. ती होस्टवरच्या वेगळ्या डिस्कवर आहेत आणि आत फक्त जोडलेली आहेत, तीही साइटच्या सार्वजनिक फोल्डरबाहेर. ज्या बायकांनी आवाज दिला त्यांनी संशोधनासाठी दिला आहे, गूगलमध्ये सापडण्यासाठी नाही. पहिल्यांदा डिस्क जोडली तेव्हा सगळ्या फाइल्सचा मालक ‘नोबडी’ दिसला आणि काही उघडेना. घाबरू नका, काही गेलेलं नसतं. बाहेरच्या वापरकर्त्याचे क्रमांक आत ओळखीचे नसतात एवढंच. डिस्क जोडताना ‘शिफ्ट’ पर्याय दिला की क्रमांक जुळवले जातात; कर्नल ५.१२ किंवा त्यानंतरचा असला पाहिजे. या मांडणीचा फायदा हा, की कंटेनर बिघडला तर तो फेकून जुन्या स्नॅपशॉटवर जाताना रेकॉर्डिंगं मागे जात नाहीत. डेटाबेस मात्र मागे जातो, म्हणून तो रोज रात्री वेगळा उतरवून ठेवते. आणि स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. दोन्ही एकाच डिस्कवर असतात; डिस्क गेली की दोन्ही गेले.

हे सगळं टाळून सरळ व्हर्च्युअल मशीन का घेऊ नये, असं तुम्ही विचाराल. घ्या की. इन्कस तेही चालवतं. त्यात कर्नल स्वतःचा असतो, त्यामुळे कोटा, मॉड्यूल्स यांची वरची रडगाणी उरत नाहीत, आणि अनोळखी लोकांचा कोड चालवायचा असेल तर मी व्हर्च्युअल मशीनच निवडेन. पण ते आपल्या वाटची मेमरी धरून बसतं, आणि १६ जीबीच्या मशीनवर प्रयोग चालू असताना ४ जीबी कायमची देणं आम्हाला परवडत नव्हतं. कंटेनरची ४ जीबी ही वरची मर्यादा आहे. शांत असताना तो त्याहून बराच कमी खातो.

प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात मी आधी लिहिलं होतं, ‘संपूर्ण व्यवस्था कंटेनरच्या स्वरूपात उपलब्ध आहे.’ सरांनी त्याखाली पेन्सिलनं रेघ मारून विचारलं, ‘संपूर्ण?’ मी ज्युनिअरला कंटेनरची निर्यात केलेली फाइल दिली आणि त्याच्या लॅपटॉपवर चालवायला सांगितलं. पंधरा मिनिटांत साइट उघडली. फायरवॉलची यादी मात्र रिकामी होती. त्याच्या मशीनवर ती दोन मॉड्यूल्स लोड नव्हती, आणि कर्नलची आवृत्तीही वेगळी होती. फाइलमध्ये सगळं बिऱ्हाड आलं होतं, विहीर आली नव्हती. आता त्या वाक्याच्या जागी एक तक्ता आहे : होस्टची आवृत्ती, कर्नलचा पूर्ण क्रमांक, लोड केलेली मॉड्यूल्स, कंटेनरची सेटिंग्ज, पॅनेलची आवृत्ती, इन्स्टॉलरला दिलेले पर्याय. ज्युनिअरनं तो तक्ता समोर ठेवून दुसऱ्यांदा सगळं उभं केलं. चाळीस मिनिटं लागली, आणि एकदाच फोन केला, तोही कूलरमध्ये पाणी टाकलंय का विचारायला.